गाडीघर : तेल पातळ की दाट?

मागच्या अंकातला ब्रेकवरचा लेख वाचून दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला. मुलाने जुनी मस्टँग किंवा एम-३ घेतली आहे आणि तो म्हणतो, "बाबा, दाट तेल घालू या, बेअरिंग्ज वाचतील." खरं का?

अर्धं खरं. आधी डब्यावरचे आकडे बघू. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीतलं वाहणं सांगतो, दुसरा तापल्यावरची दाटी. १०० अंश सेल्सियसला ३० नंबरच्या तेलाची दाटी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते, ५० नंबरच्या तेलाची १६.३ ते २१.९.

चालू इंजिनात क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकत नाही. फिरता फिरता तो तेल स्वतःखाली ओढून घेतो आणि काही मायक्रॉनच्या थरावर तरंगतो. हे गणित ऑसबोर्न रेनॉल्ड्सने १८८६ सालीच मांडलं. भार आणि उष्णता वाढली की थर पातळ होतो. तो तुटला की धातूवर धातू घासतो. म्हणून रेसट्रॅकवर दाट तेलाला अर्थ आहे. फोर्डने २०१२ च्या मस्टँग जीटीला ५डब्ल्यू-२० दिलं, पण त्याच जातीच्या ५ लिटर इंजिनाच्या बॉस ३०२ ला ५डब्ल्यू-५०. पातळ तेलामागे मायलेजचे सरकारी नियमही आहेत, हेही मुलाचं म्हणणं बरोबर.

आता दुसरी बाजू. जानेवारीत न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली आठवा. दाट तेल थंडीत तसंच हट्टी होतं. प्रेशरचा काटा वर जातो, पण प्रेशर म्हणजे प्रवाह नव्हे. बेअरिंगची उष्णता वाहून नेतो तो प्रवाह. शाफ्ट आणि बेअरिंगमधली फट दोन इंची जर्नलला साधारण दोन हजारांश इंच. ती अरुंद असेल तर दाट तेल आणखीच कमी वाहतं. २००७ ते २०१३ च्या व्ही-८ एम-३ चं उदाहरण घ्या. ८,४०० आरपीएमपर्यंत जाणाऱ्या या इंजिनाला कंपनीनेच १०डब्ल्यू-६० सांगितलं होतं, तरी त्याची रॉड बेअरिंग्ज लवकर झिजण्यासाठीच प्रसिद्ध! नुसत्या दाटपणाने प्रश्न सुटला असता तर हे झालं नसतं.

तेव्हा मुलाला तीन गोष्टी सांगा. रोजच्या गाडीला मॅन्युअलमधलंच तेल. ट्रॅकवर नेणार असेल तर कंपनीने त्यासाठी सांगितलेलं. पाणी तापलं म्हणजे तेल तापलं असं नाही, तेव्हा पहिली दहा-पंधरा मिनिटं इंजिन ताणायचं नाही. आणि तेल बदलताना थोडा नमुना लॅबला पाठवायचा. तांबं, कथील, जुन्या बेअरिंगमध्ये शिसं, यांचे आकडे दर खेपेला चढत गेले तर बेअरिंग्ज वेळेत बदलता येतात. खर्च होतो, पण बेअरिंग जागेवर फिरलं तर क्रँकशाफ्ट आणि बहुधा अख्खं इंजिनच जातं.

पुढच्या अंकात टायरबद्दल. प्रश्न जरूर पाठवा.