अंगातली ‘पॉवर’ आणि चुकलेला डोस

‘डॉक्टर, पोराची पॉवर कमी झालीय, एखादं भारी टॉनिक लिहून द्या.’ पावसाळा लागला की ही मागणी रोज कानी पडते. पूर्वी लोक ‘ताकदीचे औषध’ मागत. २०२० साली करोना आला आणि ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द घरोघरी पोहोचला. दुकानदारांनी तो लगेच उचलला. वास्तविक पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-पडसे होणे यात वावगे काही नाही. पण टॉनिकच्या बाटलीवर दीडशे-दोनशे रुपये हसत खर्च करणाऱ्या घरात पुष्कळदा त्याच मुलाचा लसीचा डोस चुकलेला असतो, हे मला अधिक खटकते.

ही पॉवर असते तरी कोठे? आपले शरीर म्हणजे सुमारे तीस लाख कोटी पेशींचा संसार. त्यातल्या काही पेशींकडे केवळ पहाऱ्याचे काम असते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये ज्यांचा आकडा चार ते अकरा हजार असा येतो, त्या पांढऱ्या पेशी या पहारेकऱ्यांपैकी होत. कातडी, नाकातला शेंबूड, जठरातले आम्ल ही झाली बाहेरची तटबंदी. ती फुटली की या पेशी धावतात. शेतात बाभळीचा काटा मोडतो, दुसऱ्या दिवशी बोट लाल होते, ठणकते, पुढे पू धरतो. तो पू म्हणजे बहुतांशी जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशीच.

काट्यावरून आठवले. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत गुलाबाचे काटे टोचून ठेवले. सकाळी पाहतो तो काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला! परक्या वस्तूला गिळू पाहणाऱ्या पेशींची ओळख त्यातून पटली आणि १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटेकरी होता आले. मुंबईत १८९७ साली प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेणारे हाफकिन हे त्याचेच विद्यार्थी.

मात्र या गिळणाऱ्या पेशी दिसेल त्या परक्यावर तुटून पडतात. चेहरा लक्षात ठेवणे हे काम दुसऱ्यांचे. लिम्फोसाइट जातीच्या पेशींत प्रत्येकीला एक ठरावीक खूण ओळखता येते. नवा जंतू शिरला की त्याची खूण जाणणारी पेशी सापडायला, तिची संख्या वाढायला आणि नेमके प्रतिद्रव्य तयार व्हायला आठ-दहा दिवस लागतात. घटसर्पासारखा आजार एवढी उसंत देईलच असे नाही. लढाई संपल्यावर काही पेशी आठवण घेऊन मागे राहतात आणि तोच जंतू पुन्हा आला तर फार लवकर कामाला लागतात. लस हेच करते. आजार न देता खूण तेवढी दाखवते. ‘पेंटा’च्या इंजेक्शननंतर रात्री बाळ तापते, ते या पेशी जाग्या झाल्यामुळे. त्या तापाला भिऊन पुढचा डोस टाळणाऱ्या आया मी बऱ्याच पाहिल्या.

टॉनिकच्या बाटलीत ही आठवण नसते. असते बहुधा साखरेचे पाणी आणि जीवनसत्त्वे. मूल खरोखर कुपोषित असेल, अंगात रक्त कमी असेल, तर प्रतिकारशक्ती घटते हे खरे. पण त्याला तपासून औषध द्यावे लागते आणि ताटात डाळ, अंडी, शेंगदाणे, पालेभाजी यावी लागते. शिवाय ‘वाढवा, वाढवा’ म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, ॲलर्जी आणि एका प्रकारचा संधिवात हे याच पहारेकऱ्यांच्या अति उत्साहाचे प्रताप आहेत.

आता गोवर घ्या. ‘गोवर काय, सगळ्यांनाच निघतो’ म्हणून आपण तो कडुलिंबाच्या पाल्यावर सोडून देतो. हा विषाणू आठवण धरणाऱ्या पेशींनाच मारतो. आधी झालेल्या आजारांची शरीराने जमवलेली माहिती त्यात मोठ्या प्रमाणावर पुसली जाते, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. गोवरातून उठलेले मूल पुढे कित्येक महिने न्यूमोनियाने, जुलाबाने का आजारी पडत राहते, याचे एक कारण हे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली आणि मुले दगावली.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. नेमका हा दुसरा राहतो, कारण तोवर मूल चालू लागलेले असते आणि आई निर्धास्त झालेली असते. त्याच सुमारास त्रिगुणीचा बूस्टर असतो, दुसरा पाचव्या वर्षी. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाचे इंजेक्शन असते, हे तर शिकलेल्या घरांतही ठाऊक नसते.

चुकलेला डोस बुडीत गेला असे समजू नये. गोवर-रुबेलाची लस पाच वर्षांपर्यंत आणि त्रिगुणी सात वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात फुकट मिळते. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी कार्ड बरोबर न्यावे, जेथे कोयता चालेल तेथल्या उपकेंद्रात डोस घेता येतो. कार्ड हरवले असेल तर आशाताईंना किंवा सिस्टरना विचारा, त्यांच्या नोंदवहीत बहुधा नोंद सापडते.