आजोबांना झोपेचे कोण विचारणार?

स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला की लसीकरणावर किंवा बालआहारावर दोन पाने लिहून द्यावीत, हा माझा आजवरचा शिरस्ता. यंदा तो मोडतो आहे. विषय माझ्या अधिकारक्षेत्राबाहेरचा आहे, तेव्हा फिजिशियन मित्रांनी क्षमा करावी. मात्र लेख वाचून झाल्यावरच करावी.

बालरोगतज्ज्ञाच्या खोलीत एक प्रश्न दररोज विचारला जातो : बाळ झोपते कसे? किती तास झोपते, रात्री कितीदा उठते, तोंड उघडे ठेवून झोपते का, घोरते का. आई या सर्वांची उत्तरे घड्याळ लावल्यासारखी देते. त्याच वेळी बाजूच्या खुर्चीवर आजी किंवा आजोबा बसलेले असतात. बाळाला रात्रभर थोपटण्याचे काम बहुधा त्यांच्याकडेच असते आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी त्यांच्याच पिशवीत असते. त्यांना हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मीही विचारीत नसे.

काही वर्षांपूर्वी पेडणे तालुक्यातील एका गावातून सात वर्षांचा मुलगा टॉन्सिलच्या त्रासासाठी माझ्याकडे आला. रात्री घोरतो, अशी आईची तक्रार. मुलाला हा आरोप मान्य नव्हता. तो म्हणाला, "मी नाही घोरत, आजोबा घोरतात. आणि मधेच श्वास घ्यायला विसरतात. मग मी त्यांना हलवतो." खोलीतले सगळे हसले. आजोबाही ओशाळून हसले. मी हसता हसता थांबलो. या गृहस्थांना मी अकरा वर्षे ओळखत होतो. तीन गोळ्या घेऊनही त्यांचा रक्तदाब १६० च्या खाली टिकत नाही, हे मला ठाऊक होते. ते रात्री चार वेळा लघवीला उठतात आणि दोष प्रोस्टेटला देतात, हेही त्यांनी बोलता बोलता कधीतरी सांगितले होते. तिन्ही गोष्टी कानावर पडल्या होत्या. त्यांची सांगड घालण्याचे काम एका सात वर्षांच्या मुलाने केले.

निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसापेक्षा सुमारे दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. गाढ झोपेत सिंपथेटिक मज्जासंस्था शांत होते, नाडी मंदावते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. हृदयाला आणि धमन्यांना मिळणारी ही रोजची रजाच म्हणावी. वय वाढते तशी गाढ झोप मुळातच कमी होते आणि धमन्या ताठर होतात. त्यात झोप पुन्हा पुन्हा मोडू लागली की ही रजा रद्द होते. ज्यांचा दाब रात्री उतरत नाही, त्यांना पक्षाघात व हृदयविकाराचा धोका अधिक असतो, हे आता सर्वमान्य आहे. चोवीस तासांच्या मोजणीत रात्रीची सरासरी १२०/७० किंवा त्याहून अधिक आली तर तो उच्च रक्तदाबच समजावा, असा संकेत आहे. आपण मात्र सकाळी दहा वाजता दवाखान्यात मोजलेल्या एका आकड्यावर निदान करतो आणि त्याच आकड्यावर गोळी वाढवतो.

स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबणे, हे यामागचे सर्वांत दुर्लक्षित कारण. श्वास थांबला की रक्तातील प्राणवायू घसरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागे करतो आणि त्या क्षणी रक्तदाब उसळतो. हे एका रात्रीत शंभरदा घडू शकते आणि सकाळी त्यातले काही आठवत नाही. श्वासमार्ग बंद असताना छातीत ओढ निर्माण होते, तिने हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि मूत्राचे प्रमाण वाढविणारे संप्रेरक स्रवते. आजोबांच्या चार फेऱ्यांचा उगम प्रोस्टेटपेक्षा घशात अधिक होता. आपण दिलेल्या औषधांकडेही पाहावे. संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी रात्री उठवते. ॲम्लोडिपिनने पायावर सूज आली असेल, तर आडवे झाल्यावर ते पाणी रक्तात परतते आणि रात्रीच बाहेर पडते. गुडघेदुखीच्या गोळ्या तर दुकानातून परस्पर घेतल्या जातात आणि दाब वाढवतात.

"वय झाले, आता झोप कमीच लागायची," हे वाक्य आपण रुग्णाला किती सहज ऐकवतो! पासष्टीनंतरही सात ते आठ तासांची झोप लागते, असे तज्ज्ञांचे मत आहे. कमी होते ती झोप लागण्याची सहजता. गरज फारशी कमी होत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली हृदयाच्या आरोग्याच्या मूलभूत बाबींत आहार, व्यायाम, तंबाखूपासून दूर राहणे यांच्या पंक्तीत झोपेलाही बसवले. आपल्या केसपेपरावर तिला अजून जागा मिळालेली नाही.

आपल्या दोन तालुक्यांच्या रात्रीही बदलल्या आहेत. डिचोलीत खनिजाचे ट्रक धावत होते तेव्हा धुळीची आणि आवाजाची तक्रार असे. २०१२ साली खाणी थांबल्या, मधे पुन्हा सुरू झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत थांबल्या. रस्ते शांत झाले. पण ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते, त्यांच्या घरांतली झोप तेव्हापासून उडाली. त्या दिवसांत मुलांना घेऊन येणारे साठीचे आजोबा मला सांगत, "न्हीद येना, डॉक्टर." मी ते ऐकून घेत असे आणि मुलाचा ताप बघत असे.

पेडण्यात मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यावर मोसमात रात्री उशिरापर्यंत संगीत चालते. मोपाच्या पठारावरून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने उडू लागली. या विमानतळाने आसपासच्या वृद्धांचा रक्तदाब वाढवला, असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला मोजमाप हवे. पण युरोपातील सहा विमानतळांभोवती राहणाऱ्या ४५ ते ७० वयाच्या सुमारे पाच हजार लोकांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रात्रीच्या विमानांचा आवाज दहा डेसिबलने वाढला की उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे चौदा टक्क्यांनी वाढलेली आढळली. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने रात्रीच्या विमानध्वनीसाठी चाळीस डेसिबलची मर्यादा सुचवली. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा पंचेचाळीस आहे. ती पाळली जाते की नाही, हे डॉक्टरांनी विचारायचे नाही तर कोणी?

इथे एक गैरसमज नको. दशावतारी नाटक पहाटेपर्यंत पाहिले किंवा पेडण्याच्या पुनवेला रात्र जागवली म्हणून कोणाच्या धमन्या ताठरत नाहीत. वर्षातून चार-सहा जागरणे, तीही आनंदाची, वृद्धांना जरूर करू द्यावीत. त्रास रोजच्या मोडक्या झोपेचा आहे. दुपारी एक ते चार पडदे ओढून घेतलेली वामकुक्षी, रात्री अकरापर्यंतच्या मालिका, लंडनच्या मुलाचा त्याच्या सोयीने आपल्याकडे मध्यरात्री येणारा फोन, आणि 'झोप यावी म्हणून' घेतलेली थोडीशी फेणी! मद्याने डोळा लवकर लागतो हे खरे. पण उत्तररात्रीची झोप विस्कटते आणि घशाचे स्नायू ढिले पडून घोरणे वाढते.

या सर्वांवर आपला उपाय ठरलेला : अल्प्राझोलामची अर्धी गोळी. २०१४ सालापासून हे औषध अनुसूची एच-एक खाली आहे, दुकानदाराने नोंद ठेवायची आहे. तरीही वर्षानुवर्षे ती घेणाऱ्या आजी आपल्या सर्वांच्या ओळखीच्या आहेत. रात्री स्नानगृहात पडून खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धेच्या उशाशी ही पट्टी सापडणे नवे नाही. ॲप्निया असलेल्याला अशी गोळी देणे म्हणजे त्याला जागे करून वाचवणारा पहारेकरीच झोपवणे.

माझ्या अनास्थेचेही सांगतो. पन्नाशीनंतर माझा दाब वाढला, तेव्हा मी रात्रीच्या फोनना दोष दिला. मी घोरतो, हे पत्नी बारा वर्षे सांगत होती. मुलाच्या आईने सांगितलेली प्रत्येक गोष्ट कागदावर लिहून घेणारा मी, घरच्या साक्षीदाराचे म्हणणे नोंदवलेच नाही. तपासणी झाली, मध्यम स्वरूपाचा ॲप्निया निघाला. सहा किलो वजन उतरवले, कुशीवर झोपू लागलो. एक गोळी मात्र चालू आहे.

पेडण्याच्या आजोबांचीही रात्रीची तपासणी झाली. त्यांना हवेच्या दाबाचे सीपॅप यंत्र मिळाले. पहिले पंधरा दिवस त्यांनी ते खुंटीला टांगले. नातवाने 'विमानाचा मुखवटा' म्हणून लावायला लावले. या यंत्राने रक्तदाब सरासरी दोन-तीन अंशांनीच उतरतो, चमत्कार होत नाही. औषधांना न जुमानणाऱ्या रक्तदाबात फरक थोडा अधिक दिसतो. त्यांच्या तीन गोळ्या तीनच राहिल्या, पण दाब १४० च्या आसपास स्थिरावला आणि रात्रीच्या फेऱ्या चारावरून एकीवर आल्या.

गोळी सकाळी द्यावी की रात्री, यावर आपल्या बैठकीत तावातावाने चर्चा होते. एकवीस हजारांहून अधिक रुग्णांच्या ब्रिटनमधील अभ्यासाने २०२२ साली दाखवले की हृदयविकार आणि पक्षाघाताच्या दृष्टीने दोहोंत फरक नाही. रुग्णाला आठवेल तेव्हा द्यावी. त्या चर्चेतला वेळ वाचला आहेच, तर आपल्या आरोग्य शिबिराच्या नोंदपत्रात वजन, साखर आणि रक्तदाब यांच्याखाली चार ओळी वाढवाव्यात, अशी माझी सूचना आहे : किती तास झोपता; घोरता का; कितीदा उठता; दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का. चोवीस तास रक्तदाब मोजणारे एक यंत्र दोन्ही तालुक्यांच्या सभासदांनी मिळून घ्यावे. एकेकट्याला ते परवडत नाही, वर्गणीने सहज होईल. नोंदपत्राचा मसुदा मी कार्यवाहांकडे दिला आहे. त्यात पाचवी एक ओळ आहे, ती कृपया कोणी खोडू नये : 'शेजारी कोण झोपते? त्यांना सोबत आणावे.'