विंच जुने, दांडा नवा

#धागा

१/
साठ वर्षांच्या एखाद्या शिडाच्या नौकेवरील विंच अडखळू लागले, तर ते दुरुस्त करावे की काढून नवे बसवावे? प्रश्न मिस्त्रीचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचा आहे. माझे मत आधीच सांगतो. विंच जुनेच ठेवावे, त्यातील झिजणारे भाग निःसंकोच बदलावेत, फिरवण्याचा दांडा खुशाल नवा घ्यावा आणि या प्रत्येक गोष्टीची लेखी नोंद ठेवावी. असे का, ते पुढे.

२/
आधी यंत्र समजून घेऊ. शिडात वारा भरला की शिडाच्या दोराला इतका ताण येतो की तो नुसत्या हातांनी ओढवत नाही. म्हणून दोराचे तीन-चार वेढे डेकवरील उभ्या ड्रमभोवती घेतात, ड्रमच्या माथ्यावरील खाचेत दांडा बसवतात आणि फिरवतात. दांडा २५ सेंटिमीटर लांब व ड्रमची त्रिज्या ४ सेंटिमीटर असेल, तर घर्षण सोडून हाताचा जोर सुमारे सहापट होतो. आत दातेरी चाके असतील तर त्याहूनही अधिक.

३/
ओढलेला दोर पुन्हा सुटू नये, ही जबाबदारी आतील इवल्याशा खिट्ट्यांची. बारीक स्प्रिंगा त्यांना बाहेर रेटत असतात. ड्रम एका दिशेने फिरताना त्या टकटक करीत दबतात. उलट दिशेने फिरू लागताच दात्यांत अडकतात. त्या अडकल्या नाहीत तर ड्रम गरकन मागे फिरतो आणि त्याच्याबरोबर फिरणारा दांडा माणसाचे मनगट मोडू शकतो. विंचमधील सर्वांत स्वस्त वस्तू ती स्प्रिंग. पण सर्व भिस्त तिच्यावरच.

४/
आता इतिहास. २७ ऑगस्ट १९६६ रोजी फ्रान्सिस चिचेस्टर वयाच्या ६४ व्या वर्षी ‘जिप्सी मॉथ ४’ ही सुमारे १६ मीटर लांबीची नौका घेऊन प्लिमथहून एकटेच निघाले. वाटेत केवळ सिडनीला थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून ते २८ मे १९६७ रोजी परतले. एवढी शिडे एका वृद्ध माणसाने कशी आवरली असतील? त्या उत्तराचा एक भाग विंचमध्ये आहे. विंच डेकवर कुठे बसवले, सुकाणूपासून किती अंतरावर, किती शक्तीचे, हे पाहिले की तो माणूस कुठे उभा राहून कसा राबला असेल याचा अंदाज बांधता येतो. शिलालेख वाचावा तसे हे वाचता येते.

५/
अशा नौकेचे पुढे काय होते? ‘जिप्सी मॉथ ४’ ग्रिनिचला कोरड्या गोदीत, ‘कटी सार्क’ या प्रसिद्ध जहाजाच्या शेजारी, उघड्यावर ठेवण्यात आली. तीन दशकांहून अधिक काळ ती तेथे उभी होती. हेतू सन्मानाचाच होता. परंतु ऊनपावसात ती खंगत गेली. अखेर २००४ मध्ये ती एक पौंड आणि एक ग्लास जिन-टॉनिक एवढ्या मोबदल्यात विकली गेली आणि दुरुस्तीसाठी गॉस्पोर्टला नेण्यात आली.

६/
कोणी म्हणेल, उघड्यावर ठेवली हीच चूक. छताखाली ठेवायला हवी होती. तोही प्रयोग ग्रिनिचलाच झाला आहे, आणि त्या नौकेचा जन्म आपल्या मुंबईतला. तिचे नाव ‘सुहेली’.

७/
‘सुहेली’ ही सुमारे पावणेदहा मीटरची, सागवानी लाकडाची नौका १९६०च्या दशकात मुंबईत बांधली गेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे तरुण व्यापारी जहाजाधिकारी १४ जून १९६८ रोजी ती घेऊन फाल्मथहून निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतले. एकट्याने, कुठेही न थांबता केलेली ती जगातील पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. त्या शर्यतीत नऊजण उतरले होते. पूर्ण केली ती एकट्या ‘सुहेली’ने.

८/
१९९७ मध्ये ‘सुहेली’ ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात विसावली. छत होते, देखरेख होती, हवा नियंत्रित होती. पण त्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. दक्षिणी महासागराच्या लाटा पचवलेली नौका संग्रहालयाच्या हवेने खिळखिळी होऊ लागली. २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला बाहेर काढले आणि पुन्हा सज्ज केले. २०१९ मध्ये, पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ते तीच नौका घेऊन फाल्मथला आले.

९/
या दोन कहाण्यांतून मी एवढाच बोध घेतो की न हलवणे म्हणजे जपणे नव्हे. विंचच्या बाबतीत हे अधिकच खरे. न फिरणाऱ्या विंचमधील ग्रीस घट्ट होते, आत मीठ साचते, खिट्ट्या चिकटतात. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकलेले असले की खाऱ्या पाण्याच्या संगतीने ॲल्युमिनियम झपाट्याने झिजू लागते. बाहेरून लखलखीत दिसणारे विंच आतून दगड झालेले असू शकते.

१०/
मग सरळ नवीनच का बसवू नये? नवे विंच हलके असते, दोर आपोआप पकडून ठेवते, सुटे भागही सहज मिळतात. खलाशाच्या दृष्टीने हा युक्तिवाद बिनतोड आहे. परंतु नव्या विंचची बैठक वेगळी. त्यासाठी डेकमध्ये नवी छिद्रे पडतात. अधिक ताकदवान विंच दोरावर आणि डेकवर मुळात न योजलेला ताण आणते. आणि त्या माणसाच्या कष्टांचे जे माप आपल्या हाती होते, ते भंगारात जाते. एकदा पाडलेले छिद्र बुजवता येते. न पाडलेले करता येत नाही.

११/
दुसऱ्या टोकाला शुद्धतावादी उभे आहेत. त्यांच्या लेखी मूळ धातू हाच इतिहास. स्प्रिंगसुद्धा बदलणे पाप. त्यांना मी ‘विक्रांत’ची आठवण करून देईन. १९७१च्या युद्धातील ही विमानवाहू नौका २००१ ते २०१२ या काळात मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. पुढे ती धोकादायक ठरून बंद झाली आणि २०१४ मध्ये मोडीत निघाली. तिचा काही धातू मोटारसायकलींत वापरला गेला. मूळ धातू आजही रस्त्यावर धावतो आहे. म्हणून ‘विक्रांत’ वाचली असे कोणी म्हणेल काय?

१२/
याच्या अगदी उलट उदाहरण गोव्याचे. २०१८च्या शर्यतीसाठी रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डने ‘सुहेली’ची प्रतिकृती बांधली, तिचे नाव ‘थुरिया’. अभिलाष टॉमी ती घेऊन निघाले. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात ते जबर जखमी झाले. त्यांची सुटका झाली, नौका मात्र समुद्रातच सोडावी लागली. ‘थुरिया’त जुने लाकूड काडीचेही नव्हते, तरी पन्नास वर्षांपूर्वीची बांधणीची रीत तिच्यामुळे आपल्याच किनाऱ्यावरील कारागिरांच्या हातांत पुन्हा आली. ‘विक्रांत’चा धातू उरला, नौका गेली. ‘थुरिया’ गेली, पण हातांतील ज्ञान उरले.

१३/
म्हणून माझ्या मते जपायच्या गोष्टी दोन: मूळ वस्तू आणि ती चालवण्याचे, उघडण्याचे, जुळवण्याचे ज्ञान. विंचची देखभाल या दोहोंना एकत्र बांधते. वर्षातून किमान एकदा ते उघडावे. आधी पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून ते विंचभोवती बसवावे, म्हणजे उडालेली स्प्रिंग समुद्रात जात नाही. प्रत्येक भाग निघेल त्या क्रमाने मांडावा, छायाचित्र घ्यावे. जुने ग्रीस रॉकेलने धुवावे. दात्यांना ग्रीसचा पातळ हात द्यावा; खिट्ट्यांना मात्र केवळ हलके तेल, कारण ग्रीसने त्या चिकटतात.

१४/
बदलायचे काय? स्प्रिंगा दर खेपेस नव्या घातल्या तरी हरकत नाही. झिजणे हाच त्यांचा धर्म. बोथट खिट्टी त्याच मापाची करून घ्यावी. ड्रमला तडा गेला तरच ड्रमला हात लावावा. नव्या भागावर साल कोरावे आणि काढलेला भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवावा. १९६४च्या व्हेनिस सनदेने वास्तूंसाठी हेच तत्त्व मांडले आहे: नवा भाग एकूण रचनेत शोभावा, पण मुळापासून वेगळा ओळखू यावा, नाहीतर पुरावाच खोटा होतो. चालत्या पारंपरिक जहाजांसाठीही पुढे युरोपात बार्सिलोना सनद आली.

१५/
आणि दांडा? तो नौकेला जडलेला नसतो. पडतो, हरवतो, समुद्रात जातो. खाचेत पक्का अडकणारा नवा दांडा अधिक सुरक्षित असतो, तो जरूर घ्यावा. मात्र एक पथ्य पाळावे. जुन्या विंचची खाच निराळ्या मापाची निघाली, तर दांडा घासून तिच्यात बसवावा. खाच कोरून दांड्याजोगी करू नये. बदल नेहमी परत फिरवता येईल अशा वस्तूत करावा. माझा सारा मुद्दा या एका पथ्यात आला.

१६/
या मताला मर्यादा आहे, हेही सांगायला हवे. १६२८ मध्ये बुडालेले आणि १९६१ मध्ये वर काढलेले स्वीडनचे ‘वासा’ पुन्हा पाण्यात सोडा, असे मी म्हणणार नाही. पण त्या ‘वासा’तीलही गंजणारे हजारो बोल्ट अलीकडेच काढून नवे घालावे लागले. वापरात धोका असतो, हेही खरे. दुरुस्त झालेली ‘जिप्सी मॉथ ४’ दुसऱ्या प्रदक्षिणेत, एप्रिल २००६ मध्ये, रांगिरोआच्या प्रवाळभिंतीवर आदळली. ऑकलंडला तिची डागडुजी झाली आणि २८ मे २००७ रोजी, पहिल्या परतीला बरोबर चाळीस वर्षे होत असताना, ती पुन्हा प्लिमथला आली.

१७/
तेव्हा जुनी नौका पाहायला गेलात तर ‘यातले मूळ किती?’ एवढेच विचारून थांबू नका. विंचच्या माथ्यावर हात ठेवून ते फिरवायची परवानगी मागा. खिट्ट्यांची टकटक स्पष्ट आणि एकसारखी ऐकू आली, तर पुढे देखभालीची वही मागा. विंच फिरते आहे आणि वहीही भरलेली आहे, अशी नौका खरोखर जपलेली समजावी.