पेडल फिरते, पुनर्वसन अडते

स्वित्झर्लंडमधील झुरिचजवळच्या क्लोटेन येथे ८ ऑक्टोबर २०१६ रोजी एक आगळी सायकल शर्यत झाली. अंतर अवघे ७५० मीटर. पण एकाही स्पर्धकाला स्वतःच्या इच्छेने पाय हलविता येत नव्हते. मज्जारज्जूच्या दुखापतीने निश्चल झालेले स्नायू विजेच्या सौम्य स्पंदनांनी आकुंचन पावत होते आणि त्या बळावर पेडल फिरत होते. ‘सायबॅथलॉन’ या पहिल्याच स्पर्धेतील ही शर्यत क्लीव्हलँडच्या चमूने जिंकली. त्यांच्या स्वाराच्या शरीरात इलेक्ट्रोड शस्त्रक्रियेने बसविलेले होते.

उपचारात सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. मांडीच्या पुढच्या-मागच्या आणि नितंबाच्या स्नायूंवर, त्वचेवरच इलेक्ट्रोड चिकटवितात. पेडल कोणत्या कोनात आहे हे संगणक पाहतो आणि नेमक्या क्षणी नेमक्या स्नायूला प्रवाह देतो. मेंदूचा निरोप मज्जारज्जूत अडला, तरी खालच्या मज्जातंतू शाबूत असल्याने स्नायू प्रतिसाद देतात. म्हणूनच पोलिओसारख्या आजारात, जेथे स्नायूंना चालविणाऱ्या मज्जापेशीच नष्ट होतात, तेथे हा उपाय निष्प्रभ ठरतो.

लाभ खरा आहे. नियमित सरावाने स्नायूंची झीज भरून येते, रक्ताभिसरण सुधारते, हृदयालाही व्यायाम घडतो. अर्धांगवायूच्या किंवा मज्जारज्जूच्या अपूर्ण दुखापतीच्या रुग्णाने स्वतःचा प्रयत्न त्याला जोडला, तर पायांत बळ येण्यास हातभार लागू शकतो. मात्र पूर्ण दुखापतीत ही सायकल चालण्याची क्षमता परत देत नाही. विजेने चेतविलेला स्नायू लवकर थकतो आणि सराव थांबला की कमावलेले बळही ओसरते. पेसमेकर असलेल्यांनी हा प्रयोग करू नये. छातीच्या वरच्या भागातील वा मानेतील दुखापत असल्यास रक्तदाब एकाएकी भडकू शकतो. ठिसूळ झालेली हाडे मोडण्याचीही भीती असते. त्यामुळे तज्ज्ञाच्या देखरेखीविना हा घरगुती खेळ होऊ शकत नाही.

खरा प्रश्न येथेच उभा राहतो. आपल्याकडे अपंगांसाठीचे साहाय्य प्रामुख्याने वस्तूंच्या रूपाने मोजले जाते: चाकाची खुर्ची, तीनचाकी, कुबड्या. या वस्तू आवश्यकच आहेत. पण त्या एकदा दिल्या की नोंद पूर्ण होते. या उपचाराला आठवड्यातून अनेकदा, महिनोन्‌महिने सत्रे लागतात. यंत्राची किंमत कित्येक लाखांच्या घरात जाते. एकट्या कुटुंबाने ते विकत घ्यावे ही अपेक्षा अवाजवी आहे. सामाईक केंद्रात मात्र तेच यंत्र अनेकांच्या उपयोगी पडते.

अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील कलम २७ पुनर्वसनाची जबाबदारी शासन आणि स्थानिक संस्थांवर टाकते. अर्थात, आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. गोव्याने २०२३ पासून पर्पल फेस्ट भरवून या विषयाला व्यासपीठ दिले. अंतरे लहान असलेल्या आपल्या राज्यात उत्तर आणि दक्षिण गोव्यात एकेक सामाईक केंद्र, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आणि रुग्णाला तेथवर नेणारे वाहन ही मागणी अवास्तव नव्हे. त्यातही वाहन आधी हवे. उंबरठाच ओलांडता येत नसेल, तर केंद्रातील सायकल कोणासाठी फिरणार?