लिंबूटिंबू कुणालाच व्हायचं नसतं



लपाछपी, डबा ऐसपैस, लगोरी हे खेळ आपण सगळेच खेळलो आहोत. धाकटं भावंड मागे लागलं की त्याला खेळात घ्यावंच लागायचं. मग मोठी मुलं ठरवायची, हा लिंबूटिंबू. म्हणजे तो पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येणार नाही. आपल्याला वाटायचं, केवढे आपण दयाळू! पण लिंबूटिंबूला थोड्याच वेळात कळायचं की आपण खेळात आहोत असं नुसतं म्हणायचं, खरं तर आपल्याला कुणी मोजतच नाही.

मागच्या वर्षी माझ्या वर्गात मी हीच चूक केली. म्हणून आजचा लेख भूमिकाखेळातल्या नियमांबद्दल आहे. माझं म्हणणं एका वाक्यात सांगते: खेळ सगळ्यांना खेळता यावा म्हणून नियम जरूर बदला, पण एका मुलासाठी बदलू नका, मध्येच बदलू नका आणि जो आधी बाद होतो त्याला विचारल्याशिवाय बदलू नका.

इयत्ता चौथीला आपण 'शिवछत्रपती' शिकवतो. दिवाळीत पोरांनी मातीचे किल्ले केलेलेच असतात. सुट्टी संपल्यावर मी मैदानावर 'एक दिवस गडावर' असा खेळ घेतला. ३१ मुलं. चिठ्ठ्या टाकून भूमिका दिल्या. कुणी हवालदार, कुणी सरनोबत, सबनीस, कारखानीस, कुणी हेर, बाकीचे मावळे. समोर वेढा घालणारे. (त्यांना मी मुद्दाम कुठलंच नाव दिलं नाही. वर्गात दोन तट पडायला नकोत.) प्रत्येकाच्या कमरेला एक रिबीन. रिबीन ओढली गेली की बाद, मग लिंबाच्या पारावर जाऊन बसायचं.

दहा मिनिटांत पारावर अकरा मुलं. आणि कोण? कबड्डीत, धावण्यात जी मागे असतात तीच. वर्गातला सगळ्यात चपळ मुलगा चिठ्ठीने हवालदार झाला होता. सगळे हुकूम त्याचेच. सबनीस झालेली मुलगी वही घेऊन उभी, तिला कुणी काही विचारेना. मला राहवलं नाही. पारावर बसलेल्या एका मुलीला मी उठवलं, तिच्या कमरेला तीन रिबिनी बांधल्या आणि जाहीर केलं, "हिला तीन जीव!"

लगेच मागून आवाज आला, "बाई, ती लिंबूटिंबू आहे का?" सगळी हसली. त्या मुलीने तिन्ही रिबिनी सोडल्या, माझ्या हातात दिल्या आणि परत पारावर जाऊन बसली. बोलली काहीच नाही. खरं सांगते, त्या दिवशी घरी जाईपर्यंत माझ्या डोक्यातून ते गेलं नाही.

मग मी शोधत गेले की मोठी माणसं असे खेळ खेळतात तेव्हा काय करतात. परदेशात याला 'लाइव्ह ॲक्शन रोल प्लेइंग', थोडक्यात 'लार्प' म्हणतात. पोशाख घालून, मऊ फोमच्या तलवारी घेऊन, स्वतः ते पात्र होऊन खेळायचं. इंग्लंडमध्ये चेशायरमधल्या पेकफर्टन किल्ल्यात १९८२ साली 'ट्रेझर ट्रॅप' नावाने असा खेळ सुरू झाला. डेन्मार्कमध्ये होब्रो गावात तर २००६ पासून ऑस्टर्स्कोव्ह नावाची निवासी शाळा आहे, तिथे अभ्यासच अशा भूमिकाखेळांतून घेतात.

त्यांच्यापुढेही माझाच प्रश्न. अशा बऱ्याच खेळांत प्रत्येक वेळी हजर राहिलं की अनुभवाचे गुण मिळतात आणि पात्राची ताकद वाढते. काही वर्षांनी जुने खेळाडू इतके बलवान होतात की नवीन आलेल्याला करायला कामच उरत नाही. मग आयोजक ताकदीला वरची मर्यादा घालतात, नाहीतर नव्यांना सुरुवातीलाच थोडे जास्त गुण देतात. जुने म्हणतात, आम्ही एवढी वर्षं घालवली ती फुकट गेली का? नवे म्हणतात, मग आम्ही यायचं कशाला? दोघांचंही खरं असतं. म्हणून शहाणे आयोजक नियम बदलतात ते दोन खेळांच्या मधल्या काळात, आणि आधी सांगून. कारण या खेळांत पंच प्रत्येकाच्या मागे फिरू शकत नाही. आपल्याला वार लागला हे खेळाडूने स्वतःच कबूल करायचं असतं. नियमावरचा विश्वास उडाला की कुणी कबूल करत नाही आणि खेळ तिथेच मोडतो. आपल्या मैदानावरची "मला लागलाच नाही!" ही भांडणं आठवून बघा.

आणखी एक खेळ सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत गॅरी शर्ट्‌स यांनी १९६९ मध्ये 'स्टारपॉवर' नावाचा खेळ तयार केला. रंगीत चकत्यांची देवाणघेवाण करायची, गुणांवरून चौकोन, वर्तुळ आणि त्रिकोण असे तीन गट पडतात. मुळात चकत्या वाटतानाच भेद केलेला असतो, पण ते खेळाडूंना सांगत नाहीत. थोड्या वेळाने सर्वाधिक गुणवाल्या चौकोनांना नियम करण्याचा अधिकार देतात. ते बहुतेक वेळा स्वतःच्या सोयीचेच नियम करतात. बाकीचे चिडतात, बंड करतात, नाहीतर खेळण्यातलं लक्षच काढून घेतात. हे वाचलं आणि मला पारावरची ती अकरा मुलं आठवली. आमच्या वर्गात नियम कोण ठरवत होतं? मी, आणि जी मुलं मोठ्याने बोलतात ती. म्हणजे चौकोनच.

म्हणून दुसऱ्या फेरीच्या आधी मी सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हटलं, मागच्या वेळी जे सगळ्यात आधी बाद झाले ते आधी बोलतील. बराच वेळ शांतता. मग रिबिनी परत देणारी तीच मुलगी म्हणाली, "बाई, बसवू नका ना. बसलं की खेळ संपतो." बस, एवढंच. तिला जास्तीचे जीव नको होते, तिला काम हवं होतं.

त्यातून नवा नियम निघाला. बाद झालेल्याने पारावर नाही, तर कोठारावर जायचं. कारखानिसाकडे चिंचोके, म्हणजे गडावरचं धान्य. एक चिंचोका खर्ची टाकायचा, रिबीन बांधायची, परत पहाऱ्यावर. हा नियम सगळ्यांना, हवालदारालाही. चिंचोके संपले की गड गेला.

दुसरा नियम तर इतिहासातच होता, मीच तो वापरला नव्हता. शिवरायांनी गडाचा कारभार एकाच्या हातात ठेवला नव्हता. हवालदाराकडे चाव्या, सरनोबताकडे पहारा, सबनिसाकडे हिशेब आणि हजेरी. तिघांनी मिळून कारभार करायचा. कोठाराचं काम कारखानिसाकडे. एक माणूस फितूर झाला तरी गड जाऊ नये म्हणून! आम्ही ठरवलं, दरवाजा उघडायचा तर हवालदाराची चावी, सरनोबताची खूण आणि सबनिसाच्या वहीत नोंद, तिन्ही हवं. आता चपळ हवालदाराला वहीवाल्या मुलीकडे यावंच लागलं. ती नाव विचारणार, लिहिणार, मग दार. धड्यात हे मी दोनदा वाचून दाखवलं होतं, पण मुलांना ते कळलं दाराशी खोळंबल्यावर.

सगळं छान झालं असं मात्र नाही. फेरी संपल्यावर तोच चपळ मुलगा तोंड पाडून म्हणाला, "बाई, आता कुणी बादच होत नाही. मग मी पळू कशाला?" आधी मला वाटलं, याचा तोरा गेला म्हणून बोलतोय. पण त्याचं बरोबर होतं. मी वीस चिंचोके ठेवले होते, त्यामुळे कुणाला कसली भीतीच उरली नव्हती. तिसऱ्या फेरीला बारा ठेवले आणि खेळात जीव आला. जोरकस मुलाचं पळणं फुकट जाता कामा नये, हाही समतोलच आहे.

काही पालक म्हणतात, "बाई, बाहेरचं जग काही सगळ्यांना सारखी संधी देत नाही. पोरांना हरायला शिकू द्या." मान्य आहे. हरायला शिकलंच पाहिजे. पण त्या दिवशी पारावरची मुलं हरत नव्हती, ती नुसती बसली होती. हरायला आधी खेळात असावं लागतं. आणि 'सवलत म्हणजे अन्याय' असं वाटत असेल तर आपली कबड्डी बघा. बचावाला तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना त्यांनी पकड केली तर 'सुपर टॅकल'चा एक जादा गुण मिळतो. तो नियम आधीपासून माहीत असतो आणि दोन्ही संघांना सारखाच असतो. जो संघ ज्या वेळी अडचणीत असेल त्याला तो मिळतो. त्याला कुणी लिंबूटिंबू म्हणत नाही. मी त्या मुलीला दिलेले तीन जीव आणि सुपर टॅकल यांत फरक आहे तो इथेच.

वेळेचाही प्रश्न शिक्षक विचारतील. तासिका केवढी आणि त्यात चर्चा कधी? माझा अनुभव असा, की एका फेरीनंतर फक्त पाच मिनिटं द्यायची आणि फक्त एकच नियम बदलायचा. दोन बदलले तर कशामुळे काय झालं ते आपल्यालाही कळत नाही. बदललेला नियम फळ्यावर लिहायचा आणि ती फेरी संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, बाईंनीसुद्धा नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. समोर एखादं मूल अडखळताना दिसलं की आपला हात पुढे जातोच.

त्या मुलीने पुढच्या फेरीत कारखानीस व्हायचं स्वतः मागून घेतलं. चिंचोके मोजून देताना ती एका मावळ्याला म्हणाली, "नीट खेळ, धान्य फुकट नाही." या वेळी सगळी हसली तेव्हा तीही हसत होती.

तुमच्या वर्गात, तुमच्या अंगणात लिंबूटिंबू कोण आहे ते एकदा बघा. आणि पुढच्या खेळाचा पहिला नियम त्याला विचारून करा. काय झालं ते मला नक्की सांगा.