नाट्यगृहाची वास्तू आणि रंगभूमीचा इतिहास

मराठी रंगभूमीच्या इतिहासलेखनात बोलपटाचे आगमन ही एक सोयीची सीमारेषा ठरली आहे. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' आला आणि संगीत नाटकाला ओहोटी लागली, अशी मांडणी आपण वर्गात करीत असतो. ती चुकीची नाही. परंतु संहिता आणि नाटक मंडळ्या एवढ्यांच्याच आधारे केलेली असल्यामुळे अपुरी आहे. नाटक ज्या वास्तूत घडते, तिचा साक्षीपुरावा आपण क्वचितच विचारात घेतो. गिरगावातील रॉयल ऑपेरा हाऊसचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

बरोक शैलीतील या नाट्यगृहाचे उद्घाटन, बांधकाम पूर्ण होण्यापूर्वीच, १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झाले. युरोपीय ऑपेरासाठी उभारलेल्या या रंगमंचावर पुढे बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांचेही गायन रंगले. १९३५ मध्ये त्याचे चित्रपटगृह झाले. त्याच वर्षी बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'मधून पडद्यावर आले. नट आणि नाट्यगृह यांनी एकाच वर्षी पडद्याची वाट धरावी, हे पुरेसे सूचक आहे.

तथापि येथील नाटक संपले नाही. १९४०च्या दशकात पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सचे प्रयोग याच वास्तूत झाले. नाटक आणि चित्रपट यांच्यामध्ये आपले अभ्यासक्रम जी भिंत उभी करतात, ती या वास्तूत नव्हती.

१९९३ मध्ये बंद पडलेले हे गृह आभा नारायण लांबा यांनी केलेल्या जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये रंगमंच म्हणून पुन्हा खुले झाले. हे काम निःसंशय गौरवास्पद आहे. मात्र मूळ बरोक रूपाकडे परतताना चित्रपटगृहाची ५८ वर्षे केवळ मधला खंड ठरण्याचा धोका संभवतो. नेमकी हीच चूक आपले वाङ्मयेतिहासही करतात.

वन्समोअरनिशी रात्र रात्र चालणारे नाटक आटोपशीर झाले, याचे श्रेय आपण युरोपीय नाट्यतंत्राला देतो. त्यात खेळांच्या ठरलेल्या वेळा आणि भाड्याने मिळणारे रंगमंच यांचा वाटा किती, हा प्रश्न संशोधकांनी विचारावयास हवा. तिकिटांचे दर, आसनव्यवस्था आणि प्रयोगांच्या जाहिराती ही त्याची साधने होत. संहितेइतक्याच गांभीर्याने ती वाचल्याखेरीज आपला नाट्येतिहास केवळ नाटककारांचाच इतिहास राहील.