अगर लावण्यापूर्वी जमीन ओळखावी

अधिक किमतीच्या झाडाची वार्ता शेतकऱ्याच्या कानी लवकर पडते. ते झाड कोणत्या जमिनीत पोसते, हे मात्र मागाहून कळते. अगर हे असेच एक झाड होय. त्याच्या सुगंधी लाकडास व तेलास जगाच्या बाजारात मोठी किंमत येते, हे खरे. परंतु तेवढ्यावर भिस्त ठेवून नाशिक जिल्ह्यात सरसकट अगरची लागवड करणे हितावह नाही. या बाबतीत पहिला निर्णय बाजाराने नव्हे, तर जमिनीच्या मगदुराने द्यावयाचा आहे.

भारतात अगरचे मुख्य क्षेत्र आसाम व त्यालगतचा ईशान्य प्रदेश हे आहे. आसामात त्यास ‘सांची’ म्हणतात, व घराभोवतीच्या बागेत सुपारीच्या संगतीत ते लावले जाते. तेथील माती आम्लधर्मी, पालापाचोळ्याने समृद्ध व निचऱ्याची असते. पावसाच्या सरी वसंतापासूनच सुरू होतात. निरोगी अगरचे लाकूड फिकट व गंधहीन असते. खोडास इजा होऊन किडीचा वा बुरशीचा शिरकाव झाला म्हणजे झाड स्वसंरक्षणार्थ जो राळेसारखा पदार्थ निर्माण करते, तोच सुगंधाचा उगम होय. म्हणजे जमीन सुगंध देत नाही. पण त्या अवस्थेपर्यंत झाडास अनेक वर्षे पोसण्याचे काम तिलाच करावे लागते.

आता नाशिककडे पाहावे. निफाड, सिन्नर, येवला, चांदवड या बाजूच्या जमिनी काळ्या पाषाणापासून बनलेल्या असून त्यांपैकी पुष्कळ चुनखडीयुक्त आहेत. त्यांचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, व कोवळी पाने पिवळी पडतात. भारी काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. गंधक घालून हा दोष दूर करता येईल, असे कोणी सुचवील. त्याचा हिशेब करून पाहावा. एक हेक्टरातील वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २,००० टन भरते. त्यात केवळ १ टक्का चुनखडी असली, तरी ती २० टन होते आणि तिचा पूर्ण निरास करण्यास सुमारे ६.४ टन गंधक लागते. चुनखडी ५ टक्के असल्यास हाच आकडा ३२ टनांवर जातो; आणि खालच्या थरांतील चुनखडी तशीच राहते. हा मार्ग व्यवहार्य नाही, हे उघड आहे.

द्राक्षबागाईतदारांनी याच जिल्ह्यात अडचणीच्या जमिनींवर मात केली, हा दाखला येथे लागू पडत नाही. त्यांनी १९९० च्या दशकापासून ‘डॉगरिज’सारख्या सोशिक खुंटावर कलमे बांधली आणि दरसाल येणाऱ्या उत्पन्नातून खर्च भागविला. अगरसाठी असा खुंट येथे प्रचारात नाही; उत्पन्नाची वाट तर अनेक वर्षे पाहावी लागते. पूर्वेकडील चुनखडीच्या जमिनीत अगर लावूच नये, हे स्पष्ट सांगणे अवश्य आहे.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या घाटालगतच्या भागाची स्थिती निराळी आहे. तेथे पाऊस विपुल व निचरा चांगला. तथापि तो पाऊस चार महिन्यांत कोसळतो, उताराची माती वाहून नेतो, आणि पुढील आठ महिने जमीन कोरडी पडते. तेथे प्रयोगादाखल काही झाडे लावावयाची झाल्यास जमिनीचे काम आधी करावे:

१. मीटरभर खोल खड्डा घेऊन मातीची खोली पाहावी. निरनिराळ्या थरांतील मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावेत. फेस आल्यास चुनखडी आहे असे समजून बेत सोडावा. मातीचा नमुना प्रयोगशाळेतही तपासून घ्यावा.

२. लागवडीपूर्वी एक वर्ष समपातळी चर काढावेत. उतार नांगरू नये. झाडापुरताच खड्डा घ्यावा व उताराच्या बाजूस अर्धचंद्राकृती बांध घालावा.

३. राब भाजण्यासाठी जाणारा पालापाचोळा शक्य तेवढा वाचवून आळ्यात पसरावा. मात्र तो खोडास भिडू देऊ नये. ओल टिकेल व कुजून त्याचे खत होईल.

४. सावलीसाठी व हिरवळीच्या खतासाठी गिरिपुष्प लावावे. चांगले कुजलेले शेणखत दरसाल द्यावे.

नागलीचे वा भाताचे शेत मोडून अगर लावू नये. घरच्या धान्याची जमीन दूरच्या आशेवर गुंतविणे लहान शेतकऱ्यास परवडणारे नाही. बांधावरची दहा-पंधरा झाडे अनुभव घेण्यास पुरेशी आहेत. शिवाय अगरच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९५ पासून साइट्स कराराचे नियंत्रण आहे. तेव्हा रोपांच्या खरेदीची पावती व लागवडीची नोंद पहिल्या दिवसापासून जपून ठेवावी.

वर सांगितलेल्या कामांचा आणखी एक गुण आहे. अगर साधला नाही, तरी चरांनी अडविलेली माती व पाल्याने वाढविलेला कस शेतातच राहतो, आणि त्यावर आंबा किंवा वरई पोसता येते. रोपावर केलेला खर्च बुडू शकतो. जमिनीवर केलेले श्रम सहसा बुडत नाहीत. म्हणून शेतकऱ्याने पहिला पैसा जमिनीवर व दुसरा रोपावर खर्च करावा, यातच त्याचे हित आहे.